‘चित्रपटासारखा गेम’ ही स्तुती कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हिडिओ गेमविषयी वर्तमानपत्रांत हल्ली आस्थेने लिहून येऊ लागले आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र एखाद्या गेमची कथा चांगली आहे असे सांगायचे झाले की ‘अगदी चित्रपट पाहिल्यासारखे वाटते’ हे वाक्य ठरल्यासारखे येते, आणि खेळणारी मंडळीही ते अभिमानाने उच्चारतात. माझे मत याच्या उलट आहे. गेम जितका चित्रपटाच्या वळणावर जातो, तितके कथा सांगण्याचे त्याचे स्वतःचे साधन, म्हणजे खेळणाऱ्याचा हात, वाया जाते.

‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’ या २०१३ च्या गेमचे उदाहरण देतो. (शेवट सांगावा लागत आहे, ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांनी क्षमा करावी.) आजारी वडिलांसाठी औषध आणायला निघालेले दोन भाऊ एकाच खेळाडूने एकाच वेळी चालवायचे असतात, डाव्या हाताने थोरला आणि उजव्या हाताने धाकटा. आई डोळ्यांदेखत बुडाल्यापासून धाकट्याने पाण्याची धास्ती घेतली आहे, त्यामुळे थोरल्याच्या पाठीला धरूनच तो पाणी ओलांडतो. पुढे थोरला मरतो आणि खेळणाऱ्याचा डावा हात एकाएकी रिकामा पडतो. परतीच्या वाटेवर पुन्हा पाणी आडवे येते, आणि उजव्या हाताने काही केल्या पोरगा पुढे सरकत नाही. ज्याला आता कोणी धनी उरलेला नाही तो थोरल्याचा ट्रिगर, म्हणजे कंट्रोलरवरचे त्याचे बटण, डाव्या बोटाने दाबावा, तेव्हा कुठे तो पोहू लागतो. तो ट्रिगर सापडला त्या क्षणी माझा घसा दाटून आला होता. हा गेम घडवणारे योसेफ फारेस मुळात चित्रपट दिग्दर्शक. पडद्यावर कधीच दाखवता येणार नाही असा प्रसंग त्यांनीच रचावा, याचे मला फार विशेष वाटते.

लुकास पोप यांच्या ‘पेपर्स, प्लीज’मध्ये तर बघण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. सीमेवरची तपासणीची खिडकी, पासपोर्ट आणि शिक्का. जितकी माणसे बिनचूक तपासाल तितकी कमाई, आणि त्यातूनच घरच्यांचे खाणे आणि थंडीतली ऊब भागवायची. एक माणूस चोख कागद दाखवून आत जातो आणि जाताना विनवतो की मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. बायकोकडे प्रवेशाचा परवाना नसतो. तिला सोडले की नियमभंगाची चिठ्ठी बाहेर येते. दिवसातल्या पहिल्या दोन चिठ्ठ्यांवर नुसती ताकीद, तिसरीपासून दंड. आज किती दया परवडेल, याचा हिशेब आपण करू लागलो आहोत हे लक्षात येते, तेव्हा आपलीच आपल्याला लाज वाटते.

याउलट ‘अनचार्टेड’ या गेममालिकेचा नायक मधल्या चित्रपटासारख्या दृश्यांमध्ये हसतमुख आणि प्रेमळ, आणि खेळ हातात आला की शेकडो माणसे मारणारा. कथा आणि खेळ यांच्यातल्या अशा विसंगतीला गेम डिझायनर क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्येच, ‘बायोशॉक’ या गेमविषयी लिहिताना, ‘लूडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ असे नाव दिले होते. ‘अनचार्टेड ४’मध्ये हजार शत्रू मारल्यावर मिळणाऱ्या ट्रॉफीचे नाव हेच आहे. निर्मात्यांना दोष ठाऊक होता, तरी तो तसाच राहिला.

‘द लास्ट ऑफ अस’वर २०२३ मध्ये मालिका आली, तेव्हा गेमच्या कथेला प्रतिष्ठा मिळाली असे अनेकांनी मानले. मालिका चांगलीच आहे. पण नायकाने जपत आणलेल्या मुलीचा जीव गेमच्या शेवटी एका शस्त्रक्रियेत जाणार असतो; तिथे तिच्याजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला मारल्यावाचून खेळ पुढे जातच नाही, आणि ते कृत्य मी, पटत नसताना, माझ्या हाताने केले होते. मालिकेत मी ते फक्त पाहिले. जे मागे राहिले तेच मला त्या कथेतले सर्वांत मोलाचे वाटते.

म्हणून एक विनंती आहे. आपल्या वर्तमानपत्रात गेमचे परीक्षण छापताना दृश्ये आणि आवाज यांबरोबरच खेळणाऱ्याला नेमके काय करायला लावले आहे, आणि ते कथेशी जुळते की नाही, हे दोन ओळींत तरी सांगितले जावे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक