बापू, त्या पोराच्या तोंडावर हात ठेवलात

बापू,

सा. न.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. नातवाकडून वाचून घ्या. आणि त्याला सांगा, वाक्याचा शेवट गिळू नकोस.

प्रयोगाला बारा दिवस झाले. आपलं नाटक नंबरात आलं नाही, मला साधं प्रशस्तिपत्रकही नाही. तरी रात्री डोळे मिटले की ती डावी विंगच दिसते. दुसरा अंक. मी दोरीवरचे कपडे काढतेय आणि मोठ्या स्वगताच्या तोंडाशीच डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. पहिला शब्दसुद्धा सापडेना. समोर सांगलीच्या भावे नाट्यमंदिराचा काळोख. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, विंगेतल्या पोरानं वही वर धरली, तोंड उघडलं. आणि तुम्ही त्याच्या तोंडावर हात ठेवलात. माझ्या चेहऱ्याकडे तुम्ही बघतच नव्हतात, नजर होती माझ्या पायांवर.

पाय चालत होते. टॉवेल काढला, झटकला, खांद्यावर टाकला, ओट्याकडे दोन पावलं. दीड महिना रोज संध्याकाळी हेच तर केलं होतं. दुसरं पाऊल पडलं आणि वाक्य आपसूक तोंडात आलं : "त्या साली पाणी या ओट्यापर्यंत आलं होतं." नंतर लोक भेटायला आले, म्हणाले, काय पॉज घेतलास! मी गप्प राहिले. तो पॉज नव्हता हे दोघांनाच माहीत होतं, आणि दुसऱ्यानं आजवर ते कुणाला सांगितलेलं नाही.

त्या पोराचं काही चुकलं नव्हतं. वाक्य अडलं की शब्द टाकायचा, हेच त्याला शिकवलेलं. पण त्यानं तेव्हा शब्द टाकला असता ना बापू, तर मी तो झेलला असता, स्वगत पारही पडलं असतं, आणि पुढच्या प्रत्येक प्रयोगात मी विंगेकडे बघतच उभी राहिले असते.

आता जरा पोटातलं बोलते. तुमच्या आधी मी पुण्याला एका अभिनय शिबिराला गेले होते. दहा रविवार, पहाटेची एसटी, अठरा हजार रुपये. तिथले सर डोळे मिटायला लावायचे आणि म्हणायचे, "फील कर." मी फील करायचे. काय आणि कशानं, ते दहा रविवारांत कुणी सांगितलं नाही. शेवटी लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. त्यानंतर इथल्याच एका दिग्दर्शकांनी माझं वाचन अर्धं पान ऐकलं आणि "आवाज नाही, गर्दीत उभी राहा" म्हणाले. १८४३ साली ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक केलं, त्या गावात मी दोन वर्षं गर्दी होते.

तुम्ही माझं वाचन ऐकून मतच दिलं नाहीत. विचारलंत, "सकाळी कितीला उठतीस?" हळदीच्या अडतीत दिवसभर हिशेब करणारी बाई मी, संध्याकाळपर्यंत घशात धूळ. म्हणून पहाट ठरली. कृष्णेच्या घाटावर मी खालच्या पायरीवर, तुम्ही वर, पाठ करून. आदल्या दिवशीच्या पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचायचा. ऐकू आलं नाही की तुम्ही नुसता हात वर करायचात. पहिल्या आठवड्यात तो हात खाली म्हणून आला नाही. मी ओरडायला लागले तर म्हणालात, "कंडक्टर व्हतो मी. मागच्या शिटापतूर तिकीट-तिकीट पोचवायचं, पण पुढं झोपलेलं ल्हान पोर उठता कामा न्हाई."

आणि ते क्रियापदाचं! हे मला कुठल्याच शिबिरात मिळालं नव्हतं. मराठीत वाक्याचा जीव शेवटी असतो, आणि नेमका तिथंच आपला श्वास संपलेला असतो. "ही सही मी करणार नाही" म्हणताना माझा 'नाही' घशातच राहायचा, म्हणजे समोरच्याला ऐकू जायचं की मी सही करणार! तुम्ही माझ्या संहितेत पेन्सिलीनं बारीक रेघा मारून दिल्यात, इथं श्वास घे, इथं नको. 'चार' आणि 'चारा' आलटून पालटून शंभर वेळा म्हणायला लावलंत. मला हसू यायचं, तुम्हाला नाही.

सहा आठवड्यांत तुम्ही एकदाही "छान" म्हणाला नाहीत, पण टाकूनही बोलला नाहीत. तालमीच्या खोलीचं कुलूप तुम्ही उघडायचात, शेवटी सतरंजीही तुम्हीच गुंडाळायचात. पत्रिकेत तुमचं नाव 'रंगमंच साहाय्य'मध्ये, शेवटून दुसरं. मी भांडायला निघाले तर तुम्ही म्हणालात, "शेवटून दुसरं म्हंजी लई वर हाय की." अशी माणसं असतात म्हणून आपली हौशी नाटकं उभी राहतात, नाहीतर पडदा ओढायला कोण येतं हो? दिवसभर आपापली नोकरी करून, चहा स्वतःच्या पैशानं पिऊन, दुसऱ्याचं वाक्य नीट पडावं म्हणून अंधारात उभं राहणारी माणसं. त्यांना टाळ्या ऐकू येतात त्या पाठीमागून.

तुमच्या पाया पडायचं त्या रात्री राहून गेलं. मेकअप उतरवून बाहेर आले तर तुम्ही टेम्पोत खुर्च्या चढवत होता. मी काही बोलणार, तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, "ओट्यापर्यंतमधला 'र्य' खाल्लास आज."

उद्या पावणेसहाला घाटावर येते.

तुमची,
खालच्या पायरीवरची