केत्साल एकदाचा दिसला

प्रिय आई-बाबा,

फोटो मिळाले असतीलच, त्यातला हिरवागार लांब शेपटीचा आहे ना तोच केत्साल, ज्याच्यासाठी कोस्टा रिकाला चाललेय म्हटल्यावर आई तू "एका पक्ष्यासाठी एवढ्या लांब?" म्हणाली होतीस. सान हेरार्दो दे दोता म्हणून डोंगरातलं गाव आहे, साधारण 2200 मीटरवर, पहाटे चिक्कार थंडी आणि धुकं. इथे पक्ष्याच्या मागे पळायचं नसतं, आग्वाकातीयो म्हणजे रानटी ॲव्होकाडोचं झाड गाठायचं आणि खाली गप उभं राहायचं, कारण तो तेच खायला येतो. फळ अख्खंच्या अख्खं गिळतो, मग बराच वेळ फांदीवर ढिम्म बसतो आणि नंतर बी तोंडातून बाहेर टाकतो, आई तुला किळस येईल पण ती झाडं रानात पसरतात त्यात याचा हात आहे आणि आम्हाला फोटोला वेळ मिळतो तोही त्यामुळेच!

बाबा, तुम्ही विचारणारच म्हणून सांगते, 400 मिमीची लेन्स, उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून आयएसओ 3200, फ्लॅश अजिबात नाही. मागे पांढरं आभाळ असलं की पक्षी काळा येतो, म्हणून एक्स्पोजर थोडं वाढवलं होतं. रंगाची तर गंमतच, पिसात हिरवा रंग नसतोच मुळी, उजेड ज्या कोनातून पडेल तसा हिरवा, निळा नाहीतर सोनेरी दिसतो, आणि सावलीत गेला की दिसेनासाच होतो. त्यात बसतो पाठ करून, लालभडक पोट दाखवेल तर शपथ. शेपटीची पिसं अंगापेक्षा लांब, जराशा वाऱ्यानेही हलतात, त्यामुळे टोकं धूसर आलीयत पण मला ती तशीच आवडली.

नर पण अंडी उबवतो बरं का, सडक्या खोडातल्या ढोलीत बसला की शेपूट बाहेर लोंबते म्हणे, पण घरट्याजवळ जायचं नाही म्हणून तो फोटो काढलाच नाही. काही जण मोबाईलवर आवाज लावून त्याला बोलवत होते, असला राग आला, शेवटी गाईडनेच गप केलं त्यांना.

बाबा, तिसरा फोटो टीव्हीवर मोठा करून बघा, मागे पानांत मादी पण आहे, तिला लांब शेपूट नसते. सापडली की फोन करा, आणि आईला आधी सांगू नका कुठे आहे ते.

तुमची,
छोटी