बाबांच्या बोटीविषयी

कोथरूड, पुणे

तीर्थरूप आई-बाबांना
साष्टांग नमस्कार.

बाबा, मुक्ताला शाळेत ‘माझे आजोबा’ लिहायचंय आणि तिला तुमची बोटच हवी आहे. माइनस्वीपर, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणारी बोट, नक्की काय करते, ते तिला सांगायला म्हणून वाचायला बसलो आणि भलत्याच बोटीत अडकलो. ‘बंगाल’, तीही माइनस्वीपरच! तुम्हाला माहीत असणारच.

१९४२ साली सिडनीत बांधलेली, जेमतेम ६५० टनांची. नवीकोरी बोट हिंदुस्थानात आणत होते, सोबत ‘ओंडिना’ हा डच टँकर. ११ नोव्हेंबरला हिंदी महासागरात कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला दोन जपानी जहाजं आडवी आली. प्रवासी जहाजांवर तोफा चढवून केलेली, प्रत्येकी दहा हजार टनांवरची. बंगालकडे मोठी म्हणावी अशी एकच तोफ, तीही तीन इंची. तरी कप्तान विल्सननं टँकरला निसटायला सांगितलं आणि बोट सरळ शत्रूवर घातली. ‘होकोकू मारू’ला गोळा लागला, आग भडकली, स्फोट होऊन ती बुडाली. गोळा बंगालचा की ओंडिनाचा, यावर अजून वाद आहे. मला विचाराल तर तो वाद फिजूल आहे. दारूगोळा संपत आल्यावर बंगाल धुराच्या आडून निसटली. ओंडिना गेलीच असं बंगालवरच्यांनी धरलं होतं, पण तीही ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला परतली. ओंडिनाचा कप्तान मात्र या लढाईत गेला.

मुक्तानं हे तोंड उघडं ठेवून ऐकलं. पण ही गोष्ट एका दिवसाची. बंगाल १९६० पर्यंत नौदलात होती आणि त्या बाकीच्या वर्षांचं मला जे सापडलं ते चार ओळींत संपतं. बोटीमागे लांब तार सोडायची, तारेवरचे कटर सुरुंगाला तळाशी धरून ठेवणारा दोर कापणार, सुरुंग वर आला की लांबूनच गोळ्या घालून फोडायचा. मग पुढचा पट्टा, शेजारचा पट्टा. काम चोख झालं तर सांगण्यासारखं काही घडतच नाही, मग लिहिणार कोण?

तुमची ‘कारवार’ १९८६ ला तेव्हाच्या सोव्हिएत संघात, रिगामध्ये नौदलात आली, २०१७ ला मुंबईत निवृत्त झाली. २०१९ ला ‘कोझिकोड’ गेली आणि त्या जातीची एकही बोट उरली नाही. मग आता आम्हाला सांगणार कोण, तुम्हीच ना? लोणावळ्याला ‘शिवाजी’वर, नौदलाच्या इंजिनिअरिंगच्या शाळेत, शिकलात ते आणि मेसमधलं जेवण, एवढंच आजवर ऐकवलंत. तार ओढताना इंजिनावर किती ताण यायचा? खाली, इंजिनरूममध्ये, वर काय चाललंय ते कळायचं का? आणि तार खडकात अडकली तर?

वहीत लिहा, नाहीतर फोनवर बोलून रेकॉर्ड करून पाठवा. आई, ते टाळाटाळ करतील, तू मागे लाग.

गुडघ्यासाठी डॉक्टरांची वेळ गुरुवारची घेतली आहे. रात्रीच्या एसटीनं निघा, मी स्वारगेटला येतो. जुने एक्स-रे आठवणीनं आणा.

तुमचा,
सुहास