ती. आई-बाबांस, झुरिकला निघण्यापूर्वी

ती. आई व बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला घेतलं की आईचा आवाज बदलतो आणि मला पुढे बोलवत नाही, म्हणून लिहितेय. माझं झुरिकला जायचं ठरलं आहे. प्रवेश मिळाला, शाळेत राजीनामा दिला, तिकीटही काढलं. तुम्हाला विचारून नाही, ठरवून सांगतेय, याचं वाईट वाटेल हे कळतं मला. पण विचारलं असतं तर तुम्ही दोघंही लगेच 'जा' म्हणाला असता आणि रात्रभर जागे राहिला असता. ते मला नको होतं.

पैशांची काळजी करू नका. कर्ज काढलेलं नाही, तुमच्या ठेवींना हात लावायचा प्रश्नच नाही. फ्लॅट भाड्याने गेला आहे, साठवलेलं आहे, आणि हे एका वर्षापुरतंच आहे. पुढचं पुढे, तेही तुमच्याशी बोलून.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "परीकथा शिकायला कुणी इतक्या लांब जातं का?" रागावून नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलंत. तर ऐका.

शाळेत मुलं माझ्यासमोर येऊन बसतात ती घरचं काही सांगत नाहीत. राक्षसाची गोष्ट सांग म्हटलं की तासभर बोलतात. त्या राक्षसाचं पुढे काय करायचं, हे मला नीट शिकायचं आहे. आणि हे काम आयुष्यभर जिने केलं ती मारी-लुईझे फॉन फ्रान्झ. १९१५ मध्ये म्युनिकला जन्मली, वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी. पहिलं महायुद्ध संपल्यावर कुटुंब स्वित्झर्लंडला आलं. १९३३ मध्ये, अठराव्या वर्षी, ती वर्गमित्रांबरोबर मानसशास्त्रज्ञ युंगना भेटायला बोलिंगेनला गेली. सरोवराकाठी त्यांनी बांधलेला दगडी मनोरा होता. तिथे युंगनी चंद्रावर राहणाऱ्या एका रुग्ण मुलीबद्दल सांगितलं. ही म्हणाली, म्हणजे तिला तसं वाटायचं. युंग म्हणाले, वाटायचं नाही, ती चंद्रावरच राहायची. मनातलं जगही तितकंच खरं असतं, हे तिला तिथे पहिल्यांदा भिडलं.

युंगकडे शिकायला तिच्याजवळ पैसे नव्हते. पण ग्रीक आणि लॅटिन उत्तम येत होतं. युंगना किमयागारांचे जुने ग्रंथ वाचायचे होते, ते ती त्यांना भाषांतर करून द्यायची आणि त्या बदल्यात शिकायची. १९४० मध्ये डॉक्टरेट झाली तीही अभिजात भाषांतच. बाबा, संस्कृतच्या शिकवण्या घेऊन तुम्ही आमच्या दोघांच्या फिया भरल्यात, म्हणून हे तुम्हाला मुद्दाम सांगतेय.

गोष्ट वाचायची तिची रीत मला फार आवडते. आधी बघायचं, सुरुवातीला गोष्टीत कोणकोण आहे आणि कोण नाही. ग्रिम बंधूंच्या संग्रहात तीन पिसांची गोष्ट आहे. राजा आणि तीन मुलगे. राणीचा पत्ता नाही. फॉन फ्रान्झ म्हणते, दुखणं इथेच आहे, या घरात बाईच नाही. राजा तीन पिसं हवेत फुंकतो. एक पूर्वेला जातं, एक पश्चिमेला, दोघे थोरले त्यांच्यामागे निघतात. धाकट्याला सगळे खुळा समजतात, त्याचं पीस तिथेच जमिनीवर पडतं. तो खिन्न होऊन बसतो तर शेजारीच एक झडप दिसते. खाली पायऱ्या, पायऱ्यांखाली एक मोठी बेडकी. गालिचा, अंगठी आणि शेवटी नवरीसुद्धा त्याला तिच्याकडूनच मिळते. गोष्ट संपते तेव्हा घरात राणी आलेली असते.

दुष्टपणाबद्दलच्या तिच्या व्याख्यानांत एक जागा आहे, ती मी पुन्हा पुन्हा वाचते. ती म्हणते, परीकथांतून नियम काढायला जावं तर एक गोष्ट सांगते लढ, दुसरी सांगते पळ. एक म्हणते खरं बोल, दुसरी म्हणते खोटं बोल. अपवाद नसलेला नियम एकच सापडतो: मदत करणाऱ्या प्राण्याला दुखवायचं नाही.

आई, हे वाचताना मला तूच आठवतेस. गहू निवडताना भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगायचीस आणि वाघ आला की सूप फरशीवर आपटायचीस. मी दचकायचे आणि लगेच म्हणायचे, पुन्हा आण वाघ. आता मी तीही गोष्ट मोजून वाचते. म्हातारी एकटी निघते, वाटेत सगळे भुकेले, आणि तिला तूप-रोटी कुठे मिळते? लेकीकडे. परतीचा भोपळा कोण देतं? लेकच. हे फॉन फ्रान्झने लिहिलेलं नाही, हे माझं आहे. लांब राहणारी लेक सोडून गेलेली नसते, असं मी त्यातून घेते. तूही घे.

फॉन फ्रान्झ एकटीच राहिली का, हे तू विचारणारच. लग्न केलं नाही. पण युंगच्याच सुचवण्यावरून बार्बरा हॅना या तिच्याहून जवळजवळ चोवीस वर्षांनी मोठ्या इंग्रज सहकारिणीबरोबर झुरिकजवळच्या क्युस्नाख्तला घर केलं आणि दोघी चाळीसेक वर्षं एकत्र राहिल्या. बोलिंगेनला तिनेही स्वतःचा मनोरा बांधला, तिथे वीज नव्हती. माझ्या खोलीत वीज आहे, हीटर आहे, चूल आहे, स्टेशन जवळ आहे. गोडा मसाला आणि आमसुलं नेतेय. मेतकूट मात्र तुझ्याच हातचं हवं, जास्त कर. थंडीत डोकं झाकेन, शपथ.

बाबा, फॉन फ्रान्झलाही कंपवात होता. कितीतरी वर्षं. तरी एका जुन्या अरबी ग्रंथावर ती काम करत राहिली. १९९८ मध्ये ती गेली, ते पुस्तक त्यानंतर आलं. तुम्ही हल्ली चहाची बशी टेबलावरच ठेवून वाकून पिता, ते मी पाहिलंय. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण चुलत्यांसमोर हात खिशात घालून बसू नका.

आता नीट ऐका. गोळ्या घड्याळ लावून घ्यायच्या, 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायच्या नाहीत. न्हाणीघरात दांडा बसवायला माणूस रविवारी येईल, त्याला परत पाठवू नका. फिरायला काठी घेऊनच जायचं. आई, तू गुडघ्याचं तेल कपाटात ठेवून देऊ नकोस, लाव. मंगळवारी आणि शनिवारी दादा येईल, बाकी रोज संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल करेन.

आणि मे महिन्यात तुम्ही दोघांनी तिकडे यायचं आहे. जमणार नाही वगैरे आधीच ठरवू नका, डॉक्टरांना विचारूनच हे लिहितेय. पासपोर्टचे अर्ज दादाकडे भरून ठेवलेत. बाबा, सही सकाळची गोळी घेतल्यावर तासाभराने करा, तेव्हा हात स्थिर असतो.

तुमची,
छकुली