चारही चालू व्हॉल्व्ह काढून घेतले आणि व्होल्टेज सिलेक्टर 205 वर ठेवला: गिटार अँपच्या दुरुस्तीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, सेवा विभाग

विषय: 1964 सालच्या व्हॉक्स एसी-30 गिटार अँपची (अँप्लिफायरची) चुकीची दुरुस्ती आणि मूळ व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) परत न मिळणे

महोदय,

आज सकाळी तुमच्या सेवा केंद्राला केलेला सातवा फोन ठेवला आणि लिहायला बसलो. यापुढे फोन करणार नाही. जे सांगायचं ते लेखीच.

अँप माझ्या वडिलांचा. 1970 च्या दशकात ते ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, तेव्हा एका गोव्याच्या वादकाकडून त्यांनी तो जुना विकत घेतला. गिरगावातल्या गणपतीच्या मंडपांत तो वर्षानुवर्षं वाजला. मी तो तुमच्याकडे एकाच कारणासाठी दिला: गिटार लावलेली नसतानाही स्पीकर घुमायचा. ते घुमणं दाबणारे पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक (फिल्टर) कपॅसिटर इतक्या वर्षांत सुकणारच. जॉबशीटवर मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "फक्त फिल्टर कपॅसिटर बदलणे. व्हॉल्व्हना हात लावू नये. काढलेला प्रत्येक भाग परत द्यावा." खाली तुमच्या माणसाची सही आहे. झेरॉक्स सोबत जोडली आहे.

घुमणं गेलं, हे मान्य करतो. पण घरी आणून मागची फळी काढली तर चारही ईएल-84 व्हॉल्व्ह नवे कोरे! आधीचे मलार्ड या ब्रिटिश कंपनीचे होते आणि चारही व्यवस्थित चालू होते. वरची छपाई केव्हाच पुसली होती, पण काच उजेडात तिरपी धरली की बुडाजवळ राखाडी कोड दिसायचा. त्याची खालची ओळ 'बी'ने सुरू व्हायची. बी म्हणजे मलार्डचा इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नचा कारखाना. मी दहा वर्षांचा असताना वडिलांनी खिडकीशी उभं करून मला तो दाखवला होता. तिथे आता व्हॉल्व्ह बनत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. नव्या व्हॉल्व्हचे पैसे बिलात लावलेत. जुने कुठे आहेत, याचं उत्तर सात फोनमध्ये मिळालं नाही.

आता सिलेक्टर, म्हणजे घरातल्या विजेच्या व्होल्टेजप्रमाणे अँप लावायचा खटका. या अँपला 115, 160, 205, 225 आणि 245 अशा जागा आहेत. मी दिला तेव्हा तो 245 वर होता. परत आला तो 205 वर. माझ्या घरात मल्टिमीटरवर 238 व्होल्ट येतात. म्हणजे आतलं प्रत्येक व्होल्टेज सुमारे 16 टक्के जास्त. व्हॉल्व्हच्या मधल्या 6.3 व्होल्टच्या तापणाऱ्या तारेला, म्हणजे हीटरला, 7.3 च्या आसपास. ईएल-84 ची प्लेट, म्हणजे हीटरभोवतीचा पत्रा, जास्तीत जास्त 12 वॅट उष्णता सोसणारी आणि एसी-30 तिला मुळातच काठावर चालवतो. अशा अँपला ही जागा कुणी आणि काय बघून दिली? वीस मिनिटांत एका व्हॉल्व्हची करडी प्लेट शिवणीपासून लाल होत गेली. जळकट वास आला. मी प्लग खेचला. खोलीत माझी मुलगी बसली होती.

लगेच फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, व्हॉल्व्ह पेटतातच. दिवाच असतो तो."

मी म्हटलं, "मधला हीटर पेटतो. बाहेरची प्लेट पेटत नाही, पेटू नये."

"सर, तुम्ही टेक्निशियन आहात का?"

"नाही."

"मग?"

महोदय, हा "मग?" माझ्या कानातून जात नाही. मी पैसे भरलेला ग्राहक आहे, माझ्या घरात आग लागता लागता राहिली, आणि मला विचारलं जातंय, मग? त्याने अकरा मिनिटं फोन होल्डवर ठेवला. मग दुसरे गृहस्थ आले. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, सिलेक्टरसकट. ते शांतपणे म्हणाले, "एवढ्या जुन्या मालाची जबाबदारी आम्ही घेत नाही. आमच्याकडे डिजिटल अँप आहे, त्यात एसी-30 च्या आवाजाचा प्रिसेट येतो. हा एक्स्चेंजमध्ये द्या, पाच हजार लावून देतो." मी माझ्या वडिलांच्या अँपबद्दल बोलत होतो! जुन्या मालाची जबाबदारी घेता येत नसेल तर दुकानाच्या पाटीवर 'व्हिंटेज व्हॉल्व्ह अँप रिस्टोरेशन' कशासाठी लिहिलंय? ती पाटी वाचूनच मी तुमच्या दारात आलो होतो.

मला माझे चार मलार्ड व्हॉल्व्ह परत हवेत. तेच चार, कोड मला पाठ आहेत. नव्या व्हॉल्व्हचे आणि मजुरीचे पैसे परत हवेत. जास्त व्होल्टेजने ट्रान्सफॉर्मरला किंवा इतर कशाला इजा झाली आहे का, याची तपासणी मी निवडलेल्या कारागिराकडून तुमच्या खर्चाने व्हायला हवी. अँप पुन्हा तुमच्या टेबलावर मी ठेवणार नाही. आणि एक्स्चेंजचा विषय माझ्यासमोर पुन्हा काढू नये.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट पाहीन. नंतर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली मुंबईच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. तुमचं मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात असलं तरी मी राहतो तिथे तक्रार करता येते.

त्या व्हॉल्व्हना हात लावू नका, असं मी लिहून दिलं होतं. चारही चालू होते. अजून भंगारात गेले नसतील तर कृपया आजच शोधायला लावा.

आपला,
जॉबशीटवर सही केलेला ग्राहक
गिरगाव, मुंबई

सोबत: जॉबशीट व बिलाची झेरॉक्स, 205 वर असलेल्या सिलेक्टरचा आणि लाल झालेल्या प्लेटचा फोटो