किल्ली हरवते तेव्हा

प्रिय मित्रा,

तू जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतलीस हे वाचून फार बरं वाटलं. अ‍ॅरे, लिस्ट आणि हॅशमॅप यांत तुझा गोंधळ होतोय म्हणालास. माझाही बरेच दिवस झाला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अ‍ॅरे म्हणजे क्रमांक दिलेल्या जागांची रांग; तिची लांबी बनवतानाच ठरते, नंतर बदलत नाही. वर्षाचे १२ महिने असतील तर अ‍ॅरे उत्तम. फक्त मोजणी शून्यापासून, म्हणजे शेवटची जागा ११. बारावर हात घातलास की प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो.

मला मात्र एका मजकुरात कोणता शब्द किती वेळा येतो ते मोजायचं होतं. वेगळे शब्द किती निघतील हे आधी कसं कळणार? म्हणून अ‍ॅरेलिस्ट, म्हणजे लागेल तशी वाढणारी लिस्ट, घेतली. तिच्या पोटातही अ‍ॅरेच असतो. तो भरला की ती साधारण दीडपट मोठा नवा अ‍ॅरे घेते आणि सगळं त्यात हलवते. (आकड्यांच्या लिस्टमधून काही काढताना जप. ५, ३, १ अशा लिस्टला रिमूव्ह करताना कंसात साधा १ दिलास, तर १ हा आकडा जात नाही, जागा क्रमांक १ वरचा ३ जातो.) पण प्रत्येक शब्दासाठी लिस्ट पहिल्यापासून धुंडाळावी लागे, आणि मजकूर वाढला तसा प्रोग्रॅम रखडू लागला.

मग हॅशमॅप हाती आला. त्यात प्रत्येक गोष्ट एका किल्लीखाली ठेवतात; माझ्याकडे किल्ली म्हणजे शब्द आणि तिच्याखाली तो किती वेळा आला तो आकडा. तो किल्लीच्या हॅशकोडवरून, म्हणजे तिच्यापासून काढलेल्या एका आकड्यावरून, कप्पा ठरवतो आणि फक्त त्याच कप्प्यात बघतो. सुरुवातीला कप्पे १६. नोंदी १२ च्या वर गेल्या की ३२ होतात. एका कप्प्यात दोन किल्ल्या आल्या तर खरी कोणती, हे इक्वल्सने, म्हणजे दोन गोष्टी समान आहेत का ते तपासणाऱ्या मेथडने, ठरतं. असं होतंच. मोठा ए आणि छोटा ए जोडून केलेली स्ट्रिंग (अक्षरांची माळ) घे, आणि दोन मोठ्या बींची घे: दोघींचा हॅशकोड २११२! कागदावर करून बघ (मोठा ए ६५, छोटा ए ९७, मोठा बी ६६ हे त्या अक्षरांचे क्रमांक; पहिल्या अक्षराला जावा ३१ ने गुणते): ६५ गुणिले ३१ अधिक ९७, आणि ६६ गुणिले ३१ अधिक ६६. हे जुळलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठलो होतो.

खरी अडचण पुढे आली. रोल नंबर आणि नाव असलेला विद्यार्थ्याचा क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा, मी लिहिला आणि त्याचा ऑब्जेक्ट किल्ली म्हणून वापरला. गुण ठेवले, तोच रोल नंबर आणि तेच नाव देऊन नवा ऑब्जेक्ट केला, गुण मागितले, तर नल, म्हणजे काहीच नाही! इक्वल्स लिहिलं, तरी नल. कारण हॅशकोड काढायची मेथड मी लिहिलीच नव्हती; दोन्ही ऑब्जेक्टचे हॅशकोड वेगळे, मग मॅप भलत्याच कप्प्यात शोधणार. दोन्ही लिहिल्यावर गुण मिळाले. पुढे एकदा मॅपमध्ये ठेवलेल्या विद्यार्थ्याचं नाव बदललं, त्याबरोबर हॅशकोडही बदलला आणि नोंद पुन्हा गायब. मॅप छापला तर ती समोर दिसते, मागितली तर मिळत नाही. दोन रात्री गेल्या त्यात. तेव्हापासून किल्लीचे फील्ड (रोल नंबर, नाव असे भाग) मी फायनलच, म्हणजे नंतर न बदलता येणारे, ठेवतो.

नोंदी टाकल्या त्याच क्रमाने हव्या असतील तर लिंक्डहॅशमॅप घे. साधा हॅशमॅप क्रमाची हमी देत नाही.

आता तूही असाच एक क्लास लिही. आधी नुसतं इक्वल्स लिहून चालव, मग हॅशकोड घाल. दोन्ही वेळा काय आलं ते मला लगेच कळव, वाट बघतोय.

तुझाच,
जुना मित्र