टूल ऐकताना मी नेमकं काय ऐकते

आई, बाबा,

परवा बाबांनी फोनवर विचारलं की अजून तेच ऐकतेस का गं, आणि फोनवर ते धड सांगता येईना म्हणून आज निवांत लिहितेय. हो, तेच ऐकते, टूल, तो अमेरिकन रॉक बँड. आणि खरं सांगू का, कॉलेजात असताना आवडायचे त्यापेक्षा आता कितीतरी जास्त आवडतात.

तेव्हा मला फक्त दणका हवा असायचा. जड गिटार, जोरात ड्रम्स, बेंबीच्या देठापासून ओरडणारा गायक, बस. १९९३ चा 'अंडरटो' त्यासाठी पुरेसा होता आणि तो अल्बम अजूनही तितकाच आवडतो, पण हे लोक तिथेच थांबले नाहीत ना. बँड १९९० ला लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला आणि एवढ्या वर्षांत पूर्ण लांबीचे अल्बम फक्त पाच. २००६ नंतर पुढचा आला तो थेट २०१९ ला! गिटार, बेस आणि ड्रम्सवाले तिघं आधी संगीत घासूनपुसून पूर्ण करतात आणि गायक मेनार्ड कीनन त्यावर शब्द सगळ्यात शेवटी लिहितो, त्यामुळे त्याचा आवाज सगळ्यांच्या पुढे उभा नसतो, तो त्या वाद्यांमध्येच कुठेतरी मिसळलेला असतो. हे कळायला मला बरीच वर्षं लागली आणि कळल्यावर जुनी गाणी परत नवीन वाटायला लागली.

बाबा, आता हे खास तुमच्यासाठी. 'स्किझम' नावाचं गाणं आहे, त्यातली मुख्य धून जस्टिन चान्सलरच्या बेसवर वाजते. तुम्ही तबला ऐकताना मांडीवर मात्रा मोजता तशा मोजून बघा, आधी पाच, मग सात, परत पाच, परत सात. जरा हात बसला म्हणेपर्यंत पुढे हिशोब बदलतो, आणि असा बदलतच राहतो, तरी कुठेही ओढूनताणून केलंय असं वाटत नाही, मान आपोआप हलते. या गाण्याला ग्रॅमी पण मिळालंय. ड्रम्स वाजवणारा डॅनी कॅरी आलोक दत्तांकडे तबला शिकलेला आहे, हे मला नंतर समजलं आणि एकदम उलगडा झाला की हा माणूस नुसता बडवत का नाही. त्याचा उजवा हात एक काहीतरी सांगत असतो आणि पाय वेगळंच, आणि समेवर बरोबर भेटतात. तुम्ही ज्या जागेवर 'वाह' म्हणता ना, तशा जागा आहेत त्यात, खरंच.

आई, तू आम्हाला वृत्तं शिकवायचीस, लघु-गुरू करत बोटांवर मात्रा मोजायला लावायचीस. 'लॅटरॅलस' हे २००१ चं गाणं मला त्यामुळेच इतकं जवळचं वाटतं. त्यातल्या पहिल्या कडव्याची ओळीओळीतली अक्षरं (सिलेबल) मोजली तर एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, मग परत पाच, तीन. म्हणजे फिबोनाची या इटालियन गणितज्ञाचे आकडे, आधीच्या दोघांची बेरीज म्हणजे पुढचा. आणि फिबोनाचीच्या आधी, बाराव्या शतकात आपल्याकडे हेमचंद्र या जैन पंडिताने हेच आकडे मांडले होते, ते सुद्धा छंदांच्या मात्रा मोजताना! लघुची एक मात्रा, गुरूच्या दोन, मग अमुक मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल, त्याचं उत्तर म्हणजे हीच मालिका. टूलवाल्यांनी तेच गणित परत कवितेत नेऊन ठेवलं. मला हे वाचल्यावर सगळ्यात आधी तुला फोन करावासा वाटला होता.

पण मी हे पत्र लिहायला घेतलं ते वेगळ्याच गाण्यासाठी. २००६ च्या अल्बमचं नाव 'टेन थाऊजंड डेज', दहा हजार दिवस. मेनार्ड अकरा वर्षांचा असताना त्याच्या आईला अर्धांगवायू झाला, ज्युडिथ मारी तिचं नाव, आणि ती २००३ मध्ये गेली. साधारण सत्तावीस वर्षं, म्हणजेच जवळपास ते दहा हजार दिवस. बाई फार श्रद्धाळू होती, एवढं भोगूनही श्रद्धा सोडली नाही. मुलगा स्वतः तसा नाही, धर्मावर त्याने आधीच्या गाण्यांत कडक टीका केलीय, पण इथे तो तिला म्हणतो की तू तिथे पोचलीस की देवाकडे हक्काने आपले पंख माग. एकाच गाण्याचे दोन भाग आहेत, मिळून सतरा मिनिटं. पावसाचा आणि ढगांचा आवाज येतो, गिटार बराच वेळ नुसती थांबून थांबून वाजते, आणि मेनार्ड जवळजवळ कुजबुजतो, हाच माणूस जो आधी घसा फाडून ओरडायचा. मग शेवटाकडे सगळे एकदम उसळतात आणि त्या आवाजात राग नसतो, माया असते. एवढ्या जड संगीतात एवढी माया मावते हे मी याआधी कुठे ऐकलं नव्हतं.

आईच्या ऑपरेशनच्या वेळी बाहेर बाकावर बसून मी हेच ऐकत होते. बाबा शेजारी होते, त्यांना वाटलं मी कानात काहीतरी घालून लक्ष दुसरीकडे वळवतेय. तसं नव्हतं, मला उलट तिथेच, त्याच विचारात राहायचं होतं आणि एकटीने राहवत नव्हतं.

तिन्ही गाणी व्हॉट्सअॅपवर पाठवलीत. बाबा, आधी 'स्किझम' ऐका, हेडफोन लावून, मोबाइलच्या स्पीकरवर तो बेस कळतच नाही. आई, तू ते सतरा मिनिटांचं ऐक, दोन्ही भाग सलग, शब्द मी वहीत मराठीत लिहून काढलेत, फोटो पाठवते. आणि मधे कुणाचा फोन आला तर उचलू नकोस, माझा असला तरी.

तुमची,
छोटी